अमेरिकेतले गुलाम लिंकनने सोडवले हे ठीक, पण ते स्वतः तेव्हा काय करत होते?

वाचनभिडू

मंडळी, प्रश्न जरा लांबून येतोय, सांभाळून घ्या. आमच्या इथे वाचनालयात दर गुरुवारी सात-आठ जण जमतो, चहा आणि एक पुस्तक, एवढंच. या महिन्यात महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' घेतलंय. १८७३ चं पुस्तक, अर्पणपत्रिका तुम्हाला माहीतच असेल, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, त्यांनी निग्रो गुलामांना सोडवताना जे औदार्य नि निरपेक्षपणा दाखवला त्याबद्दल, आणि आपल्या लोकांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा केलीय.

तर आमच्यातले एक काका (रिटायर्ड मास्तर, इतिहासाचे) म्हणाले, बरोबर आहे, लिंकनने एक सही केली आणि गुलाम सुटले. त्यावर ग्रुपमधली सगळ्यात लहान मेंबर, इंजिनियरिंगची पोरगी आहे, तिने पटकन विचारलं, "काका, मग चाळीस लाख माणसं चार वर्षं नुसती सहीची वाट बघत बसली होती का?"

काका गप्प, आम्हीही गप्प. शाळेत यादवी युद्ध दोन पानांत उरकलं होतं, उत्तर विरुद्ध दक्षिण, लिंकन, गोळी, संपलं. तर इथल्या जाणकारांना विचारतो की युद्ध चालू असताना हे गुलाम लोक नक्की काय करत होते? आणि त्यांच्या सुटकेत त्यांचा स्वतःचा वाटा किती? पुढच्या गुरुवारच्या आत कळलं तर बरं, नाहीतर ती पोरगी ऐकणार नाही.

---

जुनापुराणा

त्या पोरीला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा. प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. हा वाद अमेरिकेतल्या इतिहासकारांमध्ये पण आहे आणि डु बॉईस या काळ्या विद्वानाने १९३५ मध्येच लिहून ठेवलंय की दक्षिणेतले गुलाम मळे सोडून निघाले तो एक सार्वत्रिक संपच होता. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही ही गोष्ट वेगळी.

मी एकच प्रसंग सांगतो, त्यात सगळं येतं. २३ मे १८६१. युद्ध सुरू होऊन जेमतेम दीड महिना. त्या दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी अमेरिकेतून फुटून निघायचं पक्कं केलं आणि त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड असे तीन गुलाम एका होडीत बसून वल्हवत खाडीच्या मुखापलीकडे गेले, फोर्ट मन्रो नावाच्या किल्ल्यात. किल्ला व्हर्जिनियातच पण ताब्यात उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या सैन्याच्या. या तिघांना त्यांच्या मालकाने, कर्नल मॅलरीने, दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. आता आपल्याला बायकापोरांपासून तोडून आणखी लांब दक्षिणेला पाठवणार ही कुणकुण लागली आणि तिघे निघाले.

आता गंमत बघा, तेव्हाचा कायदा काय होता तर पळालेला गुलाम सापडला की मालकाला परत करायचा, १८५० चा केंद्राचा कायदा, उत्तरेलाही लागू. आणि लिंकन स्वतः तेव्हा सांगत होता की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही. किल्ल्याचा नवा कमांडर जनरल बेंजामिन बटलर, पेशाने वकील, मॅसॅच्युसेट्सचा, आणि कोणी गुलामांचा कैवारी वगैरे अजिबात नव्हे. १८६० मध्ये याच माणसाने पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून जेफरसन डेव्हिसला ५७ वेळा मत दिलं होतं, हो, तोच डेव्हिस जो पुढे दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मागोमाग मालकाचा माणूस, मेजर केरी, पांढरं निशाण घेऊन हजर. म्हणाला आमचे तिघे परत द्या, कायदा आहे. बटलरने वकिली डोकं चालवलं. म्हणाला, तो कायदा अमेरिकेच्या राज्यांना, तुम्ही तर परवाच म्हणालात आम्ही परदेश आहोत, मग परदेशाला आमचा कायदा कसा लागू? मॅलरीसाहेबांनी इथे येऊन अमेरिकेशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यावी, लगेच देतो. आणि वर असं की तुम्हीच गुलामाला मालमत्ता म्हणता ना, तर शत्रू ती मालमत्ता युद्धाच्या कामाला लावतोय, म्हणून मी ती जप्त केली. कॉन्ट्राबँड. म्हणजे आपल्याकडे कस्टमवाले जसा माल जप्त करतात तसं.

वाचताना हसू येतं आणि वाईटही वाटतं, माणसाला "माल" म्हणूनच सोडवलं. पण बटलरने हे डोकं का चालवलं? कारण तीन माणसं दारात उभी होती. ती आली नसती तर त्याने हा विचार आयुष्यात केला नसता. पुढच्या तीन-चार दिवसांत आणखी आले, मग बायका-मुलं-म्हातारे, मग रोजच. त्यांचं काय करायचं? ते तर तोफा बांधत नव्हते. बटलरने वॉशिंग्टनला लिहून विचारलं, तिथे मंत्रिमंडळाला उत्तर द्यावं लागलं, ऑगस्ट १८६१ मध्ये काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) जप्तीचा पहिला कायदा केला, मार्च १८६२ मध्ये सैन्याच्या अधिकाऱ्यांना पळालेले गुलाम परत करायला बंदी केली, जुलैमध्ये आणखी कडक कायदा, आणि १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा तो गुलाममुक्तीचा जाहीरनामा. पायरी-पायरीने. दर पायरीच्या आधी कोणीतरी रात्री होडी वल्हवलीय किंवा दलदलीतून चालत आलंय.

---

हॅम्प्टनची_ताई

अय्या, फोर्ट मन्रो! मी इथून वीस मिनिटांवर राहते, अकरा वर्षं झाली. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना नायगारा आणि न्यूयॉर्क हवं असतं, मी मुद्दाम एक दिवस इथे नेते, सासरे सोडून कोणालाच फारसं आवडलेलं नाही 😄

किल्ला म्हणजे आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखा नाही हं, जंजिरा किंवा विजयदुर्ग आठवा, पाण्याच्या लेव्हलला, भोवती रुंद खंदक त्यात समुद्राचं पाणी, आणि जाड भिंतींच्या पोटात तोफांच्या खोल्या. तटावरून चालता येतं. समोर पाण्यापलीकडे सिवेल्स पॉइंट दिसतं, तिथेच ते तिघे तोफांचं बांधकाम करत होते, आज तिथे नेव्हीचा अवाढव्य तळ आहे आणि राखाडी जहाजं उभी असतात. मध्ये पाणी केवढं आहे ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. काळोखात, वल्ह्यांचा आवाज न करता, पोहोचल्यावर आपलेच मालक बरे असं वाटायला लावणारे सोल्जर भेटतील की काय याची खात्री नसताना. माझ्या तर अंगावर काटा येतो.

अजून एक म्हणजे, १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन लोक जहाजातून उतरवले ते ह्याच टोकावर. तेव्हा जिथे सुरू झालं तिथेच अडीचशे वर्षांनी दार किलकिलं झालं.

आणि युद्ध संपल्यावर जेफरसन डेव्हिसला कैद करून ठेवलं ते कुठे? इथेच, ह्याच किल्ल्यात! जुनापुराणा यांनी ५७ मतांचं लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, आता पाहुण्यांना सांगायला एक नवीन मसाला मिळाला.

किल्ल्यात जागा पुरेना म्हणून लोकांनी जवळच्या हॅम्प्टन गावात वस्ती केली. ते गाव दक्षिणवाल्यांनीच ऑगस्ट १८६१ मध्ये जाळलं होतं, युनियनच्या आणि ह्या लोकांच्या उपयोगी पडू नये म्हणून. तर यांनी त्या जळक्या घरांच्या उरलेल्या धुराड्यांना टेकून झोपड्या उभ्या केल्या. युद्ध संपेपर्यंत किल्ल्याच्या परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं होती म्हणतात. आणि शाळा! मेरी पीक नावाची एक स्वतंत्र काळी बाई आधीपासून चोरून शिकवायची, कारण काळ्यांना लिहा-वाचायला शिकवणं व्हर्जिनियात गुन्हा होता. सप्टेंबर १८६१ पासून ती उघड शिकवायला लागली, ती शिकवायची ते ओकचं झाड अजून आहे, हॅम्प्टन युनिव्हर्सिटीच्या आवारात. बारा महिने हिरवं, फांद्या इतक्या आडव्या पसरल्यात की खालून वाकून जावं लागतं. १८६३ मध्ये लिंकनचा जाहीरनामा लोकांना त्याच झाडाखाली वाचून दाखवला. बिचारी मेरी तोवर नव्हती, टीबीने फेब्रुवारी १८६२ मध्येच गेली.

फुल्यांचं वाचत असाल तर शाळेचा हा भाग त्या मुलीला नक्की सांगा.

---

रोखठोक

सगळं छान आहे पण जरा ब्रेक लावतो. हल्ली ही फॅशन झालीय, मोठ्या माणसाचं श्रेय काढून "सामान्य जनतेला" द्यायचं. सरळ प्रश्न विचारतो. ते तीन जण वल्हवत गेले कुठे? युनियनच्या किल्ल्यात. किल्ला नसता, सैन्य नसतं तर जाणार होते कुठे? गुलाम तर त्याआधी दोनशे वर्षं पळतच होते की, पकडून आणून फटके मारत होते. १८३१ मध्ये नॅट टर्नरने बंड केलं, काय झालं, फाशी. फरक पडला तो लाखो उत्तरेकडचे सैनिक मेल्यामुळे आणि त्या सैन्याला दिशा देणाऱ्या माणसामुळे.

दुसरं, जिथे युनियनचं सैन्य पोचलंच नाही तिथे काय झालं? टेक्सासमध्ये. उलट मळेवाले आपले गुलाम हाकत हाकत टेक्सासला घेऊन गेले, सैन्यापासून लांब. तिथल्या लोकांना १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजर गॅल्व्हेस्टनला उतरला तेव्हा कळलं. जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी! तिथल्या गुलामांत धमक नव्हती का? होती, पण जवळ सैन्य नव्हतं. आणि शेवटी कायमची सुटका झाली ती १३ व्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५. कागदच. कागदाशिवाय काही नाही हो.

काकांचं अगदीच चूक नाहीये एवढंच म्हणणं.

---

तांडेल

रोखठोक भाऊ, तुमचा मुद्दा मान्य, पण एक बोटीची गोष्ट ऐका. मी जहाजावर काम करतो (सध्या सुट्टीवर, रत्नागिरीत पाऊस बघत बसलोय), म्हणून ही मला सगळ्यात भारी वाटते.

रॉबर्ट स्मॉल्स. वय २३. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात प्लँटर नावाच्या कॉन्फेडरेट (म्हणजे दक्षिणेच्या) बोटीवर कामाला. वाफेची, लाकूड जाळणारी, बाजूला चाकं असलेली बोट. हा सुकाणू धरायचा, बंदराचा इंच न् इंच पाठ, म्हणजे कामाने पक्का पायलट, पण काळ्या माणसाला पायलट म्हणायचं नाही म्हणून हुद्दा काय तर "चाकवाला". पगार मालकाच्या खिशात, याला थोडंसं. बायको-मुलगी दुसऱ्या मालकाच्या, त्यांना विकत घेऊन सोडवायचं तर ८०० डॉलर, कुठून आणणार.

१२ मे १८६२ च्या रात्री गोरे अधिकारी नियम मोडून घरी झोपायला गेले. बोटीवर तोफा लादलेल्या, दुसऱ्या किल्ल्याला पोचवायच्या होत्या. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्स आणि बाकीच्या काळ्या खलाशांनी बॉयलर पेटवला. आता ज्यांनी वाफेवर काम केलंय त्यांनाच कळेल, बॉयलर पेटवणं म्हणजे गुपचूप करायचं काम नाही, धूर, आवाज, उजेड. आणि मग घाईघाईने सुसाट जायचं नाही, रोज जाते त्याच चालीने जायचं. आधी उलट्या दिशेला दुसऱ्या धक्क्यावर जाऊन बायकापोरांना घेतलं. मग स्मॉल्सने कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर ठेवली, कॅप्टन उभा राहतो तसा हात बांधून उभा राहिला, आणि एकेका किल्ल्यासमोरून जाताना ठरलेला भोंगा वाजवत गेला. फोर्ट समटर शेवटचा आणि सगळ्यात खतरनाक, तिथे संशय आला असता तर बोटीच्या चिंध्या. भोंगा दिला, वरून जा म्हणाले.

तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर झेंडे उतरवून पांढरी चादर चढवली कारण समोर युनियनची बोट यांच्यावरच गोळा टाकायच्या बेतात होती. सोळा माणसं सुटली. वर तोफा, सिग्नलचं पुस्तक, आणि बंदरात पाण्याखाली सुरुंग कुठे पेरलेत ही माहिती, कारण पेरताना हाच बोटीवर होता. शत्रूचं बंदर डोक्यात घेऊन माणूस पळाला, बोट तर त्यापुढे काहीच नाही.

सरकारने बक्षीस दिलं, याचा वाटा १५०० डॉलर. ऑगस्टमध्ये हाच माणूस वॉशिंग्टनला जाऊन आला, काळ्यांना सैन्यात घ्या म्हणून सांगायला. पुढे त्याच प्लँटरवर कॅप्टन झाला. ब्यूफर्टला ज्या मालकाच्या घरामागच्या खोलीत जन्मला तेच घर करथकबाकीच्या विक्रीत विकत घेतलं, आणि नंतर काँग्रेसवर निवडून गेला.

तर भाऊ, सैन्य नसतं तर स्मॉल्स कुठे गेला असता हे बरोबर. पण स्मॉल्स नसता तर चार्ल्स्टनचे सुरुंग त्या सैन्याला कोण दाखवणार होतं हेही विचारा की.

---

जुनापुराणा

तांडेल, बॉयलरचं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, झकास.

रोखठोक, तुम्ही म्हणता ते मला पूर्ण अमान्य नाही. सैन्याशिवाय शक्य नव्हतंच. पण "सैन्य" म्हणजे कोण हे तरी बघूया. युद्ध संपेपर्यंत युनियनच्या पायदळ-तोफखान्यात मिळून सुमारे १,७९,००० काळे शिपाई होते आणि नौदलात १९,००० च्या आसपास. यातले बहुतेक गुलामगिरी असलेल्या राज्यांतलेच, म्हणजे काल-परवापर्यंत कोणाची तरी मालमत्ता. जवळपास ४०,००० मेले, त्यातले तीन चतुर्थांश रोगराईने. म्हणजे टेक्सासला जे सैन्य पोचलं, रिचमंडला ३ एप्रिल १८६५ ला जे शिरलं, त्यात हेच लोक होते. लिंकनने १८६४ मध्ये स्वतःच बोलून दाखवलं की या लोकांना काढून घेतलं तर तीन आठवड्यांत युद्ध सोडून द्यावं लागेल.

आणि वागणूक काय? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातून कपड्यांचे ३ कापायचे, हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने सांगितलं, आम्ही फुकट लढू पण हा पगार घेणार नाही, आणि खरंच दीड वर्ष घेतला नाही. साउथ कॅरोलायनाच्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर, त्याने आपल्या लोकांना शस्त्रं खाली ठेवायला लावली याच कारणावरून, तर त्याला बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४ मध्ये आपल्याच सैन्याने गोळ्या घातल्या. चार महिन्यांनी काँग्रेसने पगार सारखा केला.

तुमचा "कागद" मी विसरलेलो नाही, आता त्याच्याकडेच येतो. लिंकनचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांसाठी होता. केंटकी युनियनमध्येच होतं, तिथे गुलामगिरी कायदेशीर चालूच, डिसेंबर १८६५ पर्यंत. मग केंटकीच्या गुलामाने काय करायचं? भरती व्हायचं, भरती झाला की तो स्वतः मुक्त. २३ हजारांवर लोक असे भरती झाले. पण बायका-पोरं? ती मालकाचीच. म्हणून ती कॅम्प नेल्सन नावाच्या छावणीत नवऱ्यामागे येऊन राहिली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तिथल्या अधिकाऱ्याने सुमारे चारशे बायका-मुलांना गाड्यांत घालून बाहेर काढलं आणि झोपड्या पाडल्या.

जोसेफ मिलर नावाच्या शिपायाची जबानी आहे. त्याचा मुलगा आजारी, सात वर्षांचा. तो पहारेकऱ्याला म्हणाला की या गारठ्यात बाहेर काढलंत तर पोर मरेल. उत्तर काय तर गाडीत चढले नाहीत तर सगळ्यांना गोळ्या घालीन. रात्री हा शोधत सहा मैल चालत गेला, एका जुन्या सभागृहात घरचे गारठून बसलेले आणि पोरगा गेलेला. त्याला रात्रीच छावणीत परतणं भाग होतं म्हणून तसाच चालत परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला, पुरलं, परत आला. हे सगळं त्याने शपथेवर सांगितलं, लिहिता येत नव्हतं म्हणून सहीच्या जागी फुली. पुढच्या काही आठवड्यांत बायको आणि बाकीची मुलंही गेली आणि जानेवारी १८६५ मध्ये तो स्वतः.

त्या हकालपट्टीत शंभरावर माणसं दगावली. अशा जबान्या उत्तरेच्या वर्तमानपत्रात छापून आल्या, बोंबाबोंब झाली, सैन्याला हुकूम फिरवावा लागला आणि ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने कायदा केला की काळ्या शिपायाची बायको आणि मुलं मुक्त. तर हा तुमचा कागद, रोखठोक. त्याखाली मिलरची फुली आहे असं मी समजतो.

आणि पळाले नाहीत, जिथल्या तिथे राहिले त्यांचंही सांगायला हवं. नोव्हेंबर १८६१ मध्ये युनियनचं आरमार पोर्ट रॉयलला आलं, ब्यूफर्टच्या बाजूच्या बेटांवरचे मळेवाले गोरे रातोरात पळाले, गुलामांना चला म्हणाले तर ते चिखलात, शेतात लपून बसले. दहाएक हजार लोक मागे राहिले. पहिलं काम काय केलं? काही ठिकाणी कापसाची जिनं (सरकी वेगळी करायची यंत्रं) फोडली. आणि कापूस नको म्हणून मका आणि रताळी लावली. कापूस मालकाचा, रताळं आपलं. पुढे उत्तरेचे अधिकारी आले आणि म्हणायला लागले की कापूस लावा, देशाला पैसा हवाय, तेव्हा यांची नाराजी बघण्यासारखी होती.

---

वऱ्हाडी_ठेचा

कापूस म्हटलं अन् आमी आलो 🙏

अवांतर हाय पण खरं हाय. तिकडं जिनं फुटली, बंदरांची नाकेबंदी झाली, विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस बंद. मग कुठून आणणार? वऱ्हाड, खानदेश, गुजरात. १८६१ ते ६५ मुंबईत कापसाला असा भाव आला की लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला म्हणतात. बॅक बेच्या (मुंबईत समुद्र बुजवून जमीन करायची कंपनी) शेअरचा सट्टा, कापसाचा मोठा व्यापारी प्रेमचंद रायचंद, बँका, सगळं त्याच पैशावर. अन् एप्रिल ६५ मध्ये तिकडं लढाई संपली का इकडं फुगा फुटला. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर प्रेमचंदशेठच्या देणगीतला, आईच्या नावानं.

म्हंजे तिकडच्या गुलामानं रताळं लावलं अन् इकडं आमच्या पणज्याच्या पणज्यानं जास्तीचा कापूस पेरला. शेतकऱ्याच्या हाती किती लागलं ते नका इचारू, सावकार होताच मधात.

---

वाचनभिडू

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. मिलरची जबानी वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

एक उपप्रश्न. धागा आमच्या ग्रुपवर टाकला तर एकाने लगेच एक व्हिडिओ फॉरवर्ड केला, त्यात म्हणे हजारो काळे लोक दक्षिणेकडूनही स्वखुशीने लढले, म्हणजे गुलामगिरी तेवढी वाईट नव्हती. हे काय प्रकरण आहे?

---

जुनापुराणा

हे जुनंच पिल्लू आहे, दर काही वर्षांनी नवीन कपडे घालून येतं.

दक्षिणेच्या सैन्यात काळे लोक होते का? होते, हजारोंनी. खंदक खणायला, स्वयंपाकाला, खेचरं हाकायला, साहेबाचे बूट पुसायला. वेठबिगार. बेकर, मॅलरी, टाउनसेंड हे तिघे तेच तर करत होते. बंदूक द्यायची वेळ आली तेव्हा दक्षिणेत केवढा गहजब झाला बघा. जॉर्जियाचा हॉवेल कॉब, मोठा पुढारी, त्याने जानेवारी १८६५ मध्ये लिहिलं की गुलाम चांगले शिपाई ठरले तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा ठरतो. यापेक्षा प्रामाणिक कबुली काय हवी. काळ्यांना शिपाई करायचा कायदा त्यांनी केला तो १३ मार्च १८६५ ला, आणि ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. चार आठवडेही नाहीत. आणि त्या कायद्यातही शिपाई झाल्यावर सुटका होईल असं लिहिलेलं नव्हतं.

उलट एक आकडा त्या फॉरवर्डवाल्याला द्या. १८६२ मध्ये दक्षिणेने नियम केला की वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट. का? तर नजर ठेवायला कोणी हवं. इतके खूश होते गुलाम.

---

रोखठोक

व्हिडिओबद्दल शंभर टक्के सहमत, तो कचरा आहे.

मूळ मुद्द्यावर माझं मत अर्धंच बदललंय. शिपायांचा आकडा मला माहीत होता पण केंटकीचा प्रकार माहीत नव्हता. तरी लिंकनने १८६१ मध्ये फ्रेमाँटचा आणि १८६२ मध्ये हंटरचा, आपल्याच जनरलांचे मुक्तीचे हुकूम रद्द केले ते भित्रेपणाने नाही, केंटकी हातची गेली असती म्हणून. ते त्याचं राजकारण होतं आणि ते जमलं. यात त्या माणसाचं कसब होतं हे तरी लिहा कोणीतरी.

---

हॅम्प्टनची_ताई

लिहिलं की आत्ता तुम्हीच 😄

---

वाचनभिडू

अपडेट. काल गुरुवार झाला. तांडेल यांची बोट सगळ्यांना आवडली, काकांनी दोनदा वाचायला लावली. मिलरचं मीच वाचलं, शेवटी शेवटी आवाज जड झाला.

मग काका म्हणाले, हे सगळं खरं असेल तर फुल्यांची अर्पणपत्रिका अर्धवट म्हणायची का, सदाचारी गोऱ्यांना अर्पण आणि जे स्वतः लढले ते बाहेरच. त्यावर आमची इंजिनियर पुस्तक उघडून म्हणाली, "काका, गोरे असं कुठे लिहिलंय? अमेरिकेतले लोक लिहिलंय. पुस्तक १८७३ चं, काळे लोक तिकडे १८६८ च्या घटनादुरुस्तीने नागरिक झालेले. मग अमेरिकेतल्या लोकांत मिलर पण आला आणि तो बोटवाला पण आला."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि चहा मागवला.

---

रोखठोक

पक्का वकिली पॉइंट. बटलर असता तर तिला ज्युनियर म्हणून ठेवून घेतलं असतं.